पुसलेल्या गल्लीचा पत्ता: नॉर्वेतल्या सासरच्या घराण्याचा माग काढताना

माझे सासर नॉर्वेचे असून आम्ही ओस्लोत राहतो. सासूबाईंच्या आजीचे घराणे मूळचे कुठले, ती लहानपणी नेमकी कुठे राहत होती आणि तिच्या वडिलांच्या जन्माविषयी घरात कोणी कधीच का बोलत नसे, हे प्रश्न घेऊन जानेवारी २०२४ मध्ये मी जुनी दप्तरे चाळायला बसले आणि पुढच्या वर्षीच्या शरदात, एक धागा सोडला तर, ते काम एकदाचे हातावेगळे झाले. नॉर्वेजियन कुटुंबात लग्न करून आलेली इथली आणि अमेरिकेतली मराठी माणसे अधूनमधून मला विचारतात, की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे क्रमवार लिहून ठेवत आहे. नातलगांची नावे मुद्दाम गाळली आहेत आणि नाती सासूबाईंच्या बाजूने सांगितली आहेत. म्हणजे ‘आजी’ ही त्यांची आजी आणि ‘पणजोबा’ हे त्या आजीचे वडील.

सुरुवातीला हाताशी फार काही नव्हते. आजीचे पहिले नाव, १८८९ मधली तिची जन्मतारीख, लग्नानंतरचे आडनाव आणि सासूबाईंच्या तोंडी असलेले एका रस्त्याचे नाव, स्तुपिनगाता. हे नाव ओस्लोच्या आजच्या नकाशावर शोधले, तर एकही ठिपका उमटत नाही.

आधी शिरगणत्यांचा हिशेब समजून घेतला, कारण तो माहीत नसेल तर माणूस नसलेल्या वह्या शोधत राहतो. नॉर्वेत माणसागणिक नावे लिहिलेली पहिली देशव्यापी शिरगणती १८०१ ची. त्यानंतर १८६५ पर्यंतच्या शिरगणत्यांत प्रामुख्याने आकडेच आहेत, त्यामुळे मध्ये दोन पिढ्यांची पोकळी राहते आणि ती चर्चच्या नोंदवह्यांनीच भरावी लागते. पुढे १८६५, १८७५, १८९१, १९००, १९१० आणि १९२० या सालांत सगळ्या देशाची नावनिशीवार मोजणी झाली. १८७० आणि १८८५ मध्ये फक्त शहरांची. कायद्याने शंभर वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ही कागदपत्रे उघडत नाहीत. १९२० ची शिरगणती १ डिसेंबर २०२० रोजी खुली झाली आणि १९३० ची २०३० च्या डिसेंबरापर्यंत बंदच राहणार आहे. १९४० ची तर युद्धामुळे झालीच नाही. खुले असलेले सगळे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किव्हेट’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. खाते उघडावे लागत नाही, पैसे भरावे लागत नाहीत. परदेशी कंपन्यांची महागडी वर्गणी भरण्याआधी निदान नॉर्वेपुरते तरी हे लक्षात ठेवावे.

मी १९१० पासून सुरुवात केली आणि तोच सल्ला इतरांनाही देईन. त्या वर्षीच्या शिरगणतीत नुसते जन्मसाल नाही, पूर्ण जन्मतारीख नोंदवली आहे. क्रिस्तियानियात, म्हणजे त्या वेळच्या ओस्लोत, ओल्सेन, हान्सेन आणि आन्डर्सेन यांची इतकी गर्दी आहे, की आडनावाने शोधणे हे पुण्यात कुलकर्णी शोधण्यासारखे होते. आडनावाचा रकाना सरळ रिकामा सोडला, पहिल्या नावाची फक्त सुरुवातीची अक्षरे देऊन पुढे तारका-चिन्ह टाकले आणि जन्मतारीख भरली. क्रिस्तिना, ख्रिस्तिने, क्रिस्टीने अशी एकाच बाईच्या नावाची तीन तऱ्हांची लेखने सापडतात, म्हणून तारका-चिन्ह हवेच. आजी मिळाली: वय एकवीस, अविवाहित, शिवणकाम करणारी, कांपेन या कामगारवस्तीत एका कुटुंबाकडे पोटभाडेकरू. त्या रात्री नवऱ्याला उठवून मी तो पडदा दाखवला होता. तोवर ती माझ्यासाठी भिंतीवरच्या फोटोतली एक कडक चेहऱ्याची म्हातारी होती.

तिथून मागे १९०० मध्ये जायचे, तर आता आई-वडिलांची नावे हवीत. त्यासाठी बाप्तिस्म्याची नोंद काढली. ही नोंद शोधताना ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की चर्चच्या वहीत बाळाचे फक्त पहिले नाव असते. आडनाव बापाच्या नावावरून आपणच ताडायचे. ग्रॉनलान भागातले विटांचे मोठे चर्च १८६९ मध्ये बांधले गेले आणि आजीचा बाप्तिस्मा त्याच्याच वहीत सापडला. आई-वडिलांच्या नावांपुढे राहण्याचे ठिकाण होते, आणि तिथे वळणदार अक्षरात स्तुपिनगाताच होती, फक्त जुन्या डॅनिश धाटणीने शेवटी ‘गाता’ऐवजी ‘गादेन’ असे लिहिलेली. रस्त्यांची नावे शोधताना ही शेपटी नेहमी तोडून टाकावी, म्हणजे गादे, गादेन, गाते, गाता या सगळ्या रूपांतून वाट निघते. तसेच ‘ऑ’ हे अक्षर १९१७ च्या आधी दोन ‘ए’ जोडून लिहीत, तेही दोन्ही प्रकारे टाकून पाहावे.

नावांच्या बाबतीत मराठी माणसाला इथे थोडे घरच्यासारखे वाटते. खेड्यात जुनी पद्धत अशी होती, की हान्सचा मुलगा ओले असेल तर तो ओले हान्सेन आणि त्याची बहीण हान्सदात्तेर. पुढच्या पिढीत ओलेची मुले ओल्सेन आणि ओल्सदात्तेर. त्यापुढे शेतवाडीचे नाव लागे. आपल्या नावात मधे वडिलांचे नाव आणि शेवटी गावावरून आलेले ‘कर’ असते, त्याच जातीचे हे, पण एक मोठा फरक आहे: माणूस दुसऱ्या वाडीवर कामाला गेला की वाडीचे नावही बदले. शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बापाचे ‘सेन’ हळूहळू कायमचे आडनाव झाले आणि १९२३ च्या कायद्याने सगळ्यांनाच वंशपरंपरागत आडनाव घ्यावे लागले. त्यामुळे एकच माणूस तीन शिरगणत्यांत तीन आडनावांनी भेटला तर दचकू नये. जन्मसाल, जन्मगाव आणि पहिले नाव जुळते का, ते पाहावे.

१९०० च्या शिरगणतीत स्तुपिनगातातले ते घर उघडले तेव्हा खूप वेळ मी तेच पान पाहत बसले. लहानशा लाकडी घरात तीन बिऱ्हाडे. आमच्या बिऱ्हाडात पणजोबा, पणजी, आजी धरून पाच मुले, आणि वर पोटभाडेकरू म्हणून राहणारे दोन तरुण. पणजोबांच्या नावापुढे घरातला कर्ता म्हणून ‘एच एफ’, पणजीपुढे ‘एच एम’, विवाहितांपुढे ‘जी’ आणि अविवाहितांपुढे ‘यू जी’ अशी संक्षिप्त अक्षरे असतात. व्यवसाय: गवंड्याच्या हाताखालचा मजूर. आणि शेवटच्या रकान्यात जन्मस्थान: पणजोबांचे ओस्त्रे तोतेन, पणजीचे स्वीडन. सासूबाईंना स्वीडनचे काही माहीत नव्हते. फोनवर त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, “तरीच आई ख्रिसमसला ते निराळे सॉसेज करायची!”

आता प्रश्न होता तो गल्लीचा. ओस्लोत नाहीशा झालेल्या रस्त्यांचे तीन-चार प्रकार आहेत आणि आपला रस्ता कोणत्या प्रकारचा, ते आधी ओळखले की पुढचे श्रम वाचतात. काही रस्त्यांची फक्त नावे बदलली. १ जानेवारी १९४८ रोजी शेजारचा आकेर हा मोठा प्रदेश ओस्लोत सामील झाला तेव्हा दोन्हीकडे एकाच नावाचे रस्ते निघाले आणि त्यांतल्या अनेकांना नवी नावे द्यावी लागली. काही रस्त्यांचा एखादा तुकडा तोडून वेगळ्या नावाने ओळखला जाऊ लागला, जसा २००६ मध्ये द्रामेन्सव्हेयेनचा आतला भाग हेन्रिक इब्सेनच्या नावाने ओळखला जाऊ लागला. शहराचेही तसेच: १६२४ च्या आगीनंतर राजा चौथ्या ख्रिस्तियानने वसवलेले ते ख्रिस्तियानिया, मग ‘के’ने सुरू होणारे क्रिस्तियानिया आणि १ जानेवारी १९२५ पासून ओस्लो. त्याआधीच्या कागदावर ‘ओस्लो’ दिसले तर ते बहुधा आज गामलेब्युएन म्हणतात त्या पूर्वेकडच्या जुन्या वस्तीचे नाव असते, सगळ्या शहराचे नाही. आणि काही रस्ते वस्तीसकट गेले. नगरभवनासाठी पिपेरव्हिकातली दाट वस्ती पाडली. ते भवन १९५० मध्ये खुले झाले. आमची गल्ली याच शेवटच्या प्रकारातली निघाली.

ते कळले असे. जुन्या क्रिस्तियानियाच्या पत्त्यांच्या वह्या, म्हणजे रस्तावार आणि नाववार रहिवाशांची छापील पुस्तके, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वाचता येतात. त्यांत रस्त्याच्या नावापाशी तो कुठून सुरू होऊन कुठे संपतो, तेही सापडते. शिवाय शिरगणतीतल्या त्याच मोजणी-विभागाची आसपासची पाने उलटली तर फ्लिसबेर्गेत, योहानेस गाते अशी शेजारची नावे मिळतात, आणि त्यांत एखादे नाव आजही हयात असते. माझ्या बाबतीत तो दुवा स्मेदगाता ठरला. ती अजून आहे, आणि तिच्या वरच्या अंगाला एनरहाउगेनची टेकडी आहे. ओस्लोच्या शहरकोशात एनरहाउगेनची नोंद वाचली आणि चित्र स्वच्छ झाले: एकोणिसाव्या शतकात शहराच्या हद्दीबाहेर, बांधकामाचे कडक नियम लागू नव्हते तिथे, मजुरांनी आणि कारागिरांनी उभारलेली बुटक्या लाकडी घरांची वस्ती, १८५९ मध्ये ती शहरात आली, आणि १९६० च्या सुमारास सगळी पाडून तिथे चार उंच इमारती उभ्या राहिल्या. ज्या चौकातून आम्ही दर शनिवारी ग्रॉनलानला भेंडी आणि कोथिंबीर आणायला जातो, तिथून त्या इमारती दिसतात.

एका अभिलेखागाराला मी ईमेल करून गल्लीचे फोटो आहेत का, असे विचारले होते. उत्तराला काही आठवडे लागले, पण ते उपयोगी होते: ‘ओस्लोबिल्डर’ या छायाचित्रसंग्रहात वस्तीच्या नावाने शोधा. रस्त्याच्या नावाने जे मिळत नाही ते वस्तीच्या नावाने मिळते, हे तेव्हा शिकले. पाडकामाआधीची खूप छायाचित्रे तिथे आहेत. एनरहाउगेनची पाच घरे मात्र वाचली, ती सुटी करून बिग्दोयच्या नॉर्स्क फोल्केम्युझियममध्ये पुन्हा बांधली आहेत. मे महिन्यात सासूबाईंना घेऊन ३० क्रमांकाच्या बसने तिथे गेलो. नवऱ्याला दारातून वाकून शिरावे लागले. आत एक स्वयंपाकघर आणि एक खोली, आणि तेवढ्यात नऊ माणसे कशी झोपत असतील, याचा हिशेब सासूबाई बोटांवर करत होत्या. तुमच्या घराण्याचे नेमके घर उरलेले नसते, पण त्याच्या शेजारचे उरलेले असू शकते. संग्रहालयाच्या फेरीला म्हणून अर्धा दिवस राखून ठेवावा.

यानंतरचा भाग सगळ्यात कठीण आणि सगळ्यात श्रीमंत होता: तोतेन. लग्नाच्या नोंदीवरून पणजोबांचे जन्मसाल १८६२ आणि त्यांच्या वडिलांचे नाव मिळाले. लग्नाच्या त्या एका ओळीत वर, वधू, दोघांचे वय, जन्मस्थान, धंदा, राहण्याचे ठिकाण, दोघांचे बाप आणि साक्षीदार इतके सगळे असते. म्हणून घाईत असाल तर बाप्तिस्म्याच्या आधी लग्न शोधा. पण १८८० च्या मागे गेले की अक्षर गॉथिक होते, आणि तिथे माझी गाडी अडली. ‘ई’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात, ‘एच’ला वर-खाली दोन्हीकडे शेपट्या असतात. वाचनालयात संध्याकाळी वंशावळ-हौशी मंडळाचे स्वयंसेवक बसतात. त्यांतल्या एका आजोबांनी मला युक्ती दिली, की आधी त्याच पाद्र्याच्या हातची माहीत असलेली नावे शोधायची, महिन्यांची नावे आणि गावांची नावे, आणि त्यांतून त्याची अक्षरे गोळा करून एका कागदावर मांडायची. तो कागद घेऊन मग अवघड ओळ वाचायची. मोडी शिकणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

१८६५ च्या शिरगणतीत पणजोबा सापडले, वय चार. जन्म १८६२ चा असताना चार कसे, तर त्या शिरगणतीत चालू वर्षही वयात धरत. त्यामुळे तिथल्या वयातून एक वजा करून मग जन्मसाल काढायचे. मोजणी ३१ डिसेंबरची आहे. कुटुंब एका हुसमानाचे होते, म्हणजे मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीवर झोपडी आणि जमिनीचा तुकडा मिळवून त्या बदल्यात त्याच्याकडे राबणाऱ्याचे. झोपडीत हुसमान, त्याची बायको, त्यांची अविवाहित मुलगी, आणि ‘मुलीचा अनौरस मुलगा’. शिवाय एक गाय, दोन मेंढ्या आणि पेरलेल्या बटाट्यांचे माप, कारण ही शिरगणती जनावरे आणि पेरणीही मोजते.

घरातले मौन इथे उलगडले. बाप्तिस्म्याच्या वहीत औरस-अनौरस असा वेगळा रकाना होता आणि आईच्या शेजारी बापाचेही नाव होते, जवळच्याच वाडीवरचा एक अविवाहित तरुण. लग्न झाले नाही तरी मुलाने बापाचेच नाव ‘सेन’ लावून आयुष्यभर वापरले, आणि आजीच्या माहेरचे आडनाव तेच. तो बाप १८६६ मध्ये त्याच चर्चच्या गाव सोडून गेलेल्यांच्या यादीत सापडतो. पुढे फक्त ‘अमेरिका’ लिहिलेले. त्या वर्षापासून नॉर्वेतून स्थलांतराची पहिली मोठी लाट सुरू झाली होती. अशा मुलांना बापाचे नाव आणि वारसा यांवर हक्क देणारे कायदे १९१५ मध्ये झाले, म्हणजे पणजोबा पन्नाशी ओलांडल्यावर.

हे सासूबाईंना सांगायचे की नाही, यावर आम्ही नवरा-बायको बरेच दिवस घुटमळलो. शेवटी नवऱ्याने आधी नुसते विचारले, “आई, काही अवघड निघाले तर तुला ऐकायचे आहे का?” त्यांनी होकार दिल्यावरच पाने दाखवली. कोणत्याही घराण्याच्या मागे लागणाऱ्याने ही परवानगी काम सुरू करतानाच घ्यावी, सापडल्यावर नव्हे. त्या थोडा वेळ गप्प होत्या आणि मग त्यांनी विचारले, की त्या मुलीचे, म्हणजे पणजोबांच्या आईचे, पुढे काय झाले. तीही मिळाली: १८७५ मध्ये दुसऱ्या वाडीवर मोलकरीण. मुलगा तेराव्या वर्षी तिसऱ्याच वाडीवर गुरे राखणारा.

माझ्या माहेरची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीत आहे, सात पिढ्या, आणि तीत एकाही बाईचे नाव नाही. इथे एका निरक्षर मोलकरणीचा माग तिच्या नावानिशी लागतो, याचे मला अजून अप्रूप आहे, जरी तो लावणारी वही तिची नाचक्कीही तितक्याच काटेकोरपणे लिहून ठेवते.

पणजोबांच्या दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलाने वयात येताना चर्चमध्ये आपली श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीची, नोंद मला सगळ्यात आवडली. तिथे देवीची लस टोचल्याची तारीख आहे, कारण १८१० पासून लसीच्या दाखल्याशिवाय दृढीकरण किंवा लग्न होत नसे. आणि धर्मज्ञानाच्या रकान्यात पाद्र्याने दिलेला शेरा आहे: ‘बऱ्यापैकी चांगले’. गुरांमागे हिंडणाऱ्या पोराला मिळालेला हा शेरा सासूबाईंनी मोठ्या अक्षरात छापून फ्रिजवर लावला आहे.

जूनमध्ये तोतेनला गेलो. ओस्लोहून यॉविकच्या रेल्वेने आणि पुढे बसने लेनाला. जाण्याआधी दोन गोष्टी करून ठेवाव्यात. पहिली, स्थानिक वाडीवार इतिहास, ज्याला ‘बिग्देबोक’ म्हणतात, तो आपल्या वाचनालयातून मागवावा. मला तो आंतरग्रंथालयीन पद्धतीने काही दिवसांत फुकट मिळाला. दुसरी, वाडीचा जमीन-क्रमांक तपासावा. १८६५ च्या शिरगणतीत जुन्या सारा-वहीचे क्रमांक आहेत आणि १८८६ च्या नव्या वहीने ते बदलले. दोन्ही जुळवल्याशिवाय आजच्या नकाशावर जागा सापडत नाही. ओलुफ रिग यांच्या ‘नॉर्स्के गॉरनाव्हने’ या वाडीनामांच्या बहुखंडी ग्रंथात प्रत्येक वाडी क्रमांकानिशी दिलेली आहे. झोपडीच्या जागी आता बार्लीचे शेत आहे. होफच्या दगडी चर्चच्या आवारात थडगे शोधण्यात आम्ही वेळ घालवला नाही, कारण नॉर्वेत ठरावीक वर्षांनंतर भाडे भरले नाही तर थडग्याची जागा दुसऱ्याला देतात. गरिबांची जुनी थडगी बहुतेक उरलेली नसतात.

खर्चाचे सांगायचे तर दप्तरांवर एक पैसाही गेला नाही. रेल्वेची आणि बसची तिकिटे, संग्रहालयाचे प्रवेशशुल्क, हौशी मंडळाची वार्षिक वर्गणी आणि पानांच्या छपाया, एवढाच काय तो खर्च; त्यात वर्गणीही ऐच्छिक. वेळ मात्र भरपूर जातो, मुख्यतः गॉथिक अक्षरात.

राहिले आहे ते स्वीडन. पणजीचे जन्मगाव लग्नाच्या नोंदीत व्हेर्मलान असे, नुसते प्रांताचे नाव देऊन, मोघम आहे, आणि स्वीडनच्या वह्या गावचे चर्च माहीत असल्याशिवाय उघडता येत नाहीत. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कॅन केलेल्या वह्या २०१८ पासून विनामूल्य आहेत. १८९१ च्या नॉर्वेजियन शिरगणतीत प्रत्येक माणसाचा स्वतंत्र कागद आहे. पणजीच्या कागदावर चर्चचे नाव लिहिलेले असण्याची शक्यता आहे, म्हणून सध्या एनरहाउगेनच्या मोजणी-विभागाचे स्कॅन केलेले कागद एकेक करून पाहते आहे.